वॉट, ओहम आणि घरची माणसं

हाय-फाय सेट घ्यायला निघालेल्या माणसाकडे एक नव्हे, तीन बजेटं असतात. एक घरी सांगायचं, एक दुकानात सांगायचं आणि एक जाणकार मित्राला सांगायचं. घरचं बजेट सगळ्यांत लहान. त्यात एका स्पीकरची किंमत जोडीची म्हणून सांगितलेली असते आणि अ‍ॅम्प्लिफायर 'त्याच्याबरोबर येतो' असं मोघम उत्तर तयार असतं. दुकानातलं बजेट खऱ्यापेक्षा वीस टक्के कमी, कारण दुकानदार वीस टक्के चढवणार हे आपण धरून चालतो. आपण कमी सांगतोय हे त्यानेही धरलेलं असतं, म्हणून तो चाळीस टक्के चढवतो. मित्राला सांगायचा आकडा मात्र खऱ्याहून मोठा असावा लागतो. खरा सांगितला तर तो चष्मा काढून पुसतो आणि विचारतो, "तुला संगीत ऐकायचंय की नुसता आवाज हवाय?"

खरं बजेट या तिघांच्या मधे कुठेतरी असतं आणि ते फक्त पासबुकाला माहीत असतं.

वडिलांच्या पिढीला ही विवंचना नव्हती. रेडिओग्राम नावाचं लाकडी धूड दारातून आत आलं की सगळं एकदम आलं: रेडिओ, तबकडी फिरवायचं यंत्र, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर. वर क्रोशाचा रुमाल घालायचा, रुमालावर लग्नातला फोटो ठेवायचा, आणि तबकडी लावायची वेळ आली की दोन्ही उचलून बाजूला करायचे. निवड करायची ती फक्त लाकडाच्या रंगाची. हाय-फायवाल्यांनी या एकत्र कुटुंबाच्या वाटण्या केल्या. आता स्रोत वेगळा, डिजिटल आकड्यांचं गाणं करणारा डॅक वेगळा, अ‍ॅम्प वेगळा, स्पीकर वेगळे, आणि त्यांचं आपसांत बोलणं चालू राहावं म्हणून मधे वायरी. प्रत्येकाला वेगळी किंमत, वेगळी जागा आणि वेगळा प्लग. सेट घेण्याचा निर्णय झाल्यावर पहिली खरेदी होते ती एक्स्टेंशन बोर्डाची.

अशा वेळी जाणकार मित्र उपयोगी पडतो. तो प्रत्येक मित्रमंडळात एक असतोच. 'चांगलं', 'वाईट' हे शब्द त्याने केव्हाच सोडलेले असतात. "मिड्स जरा मागे आहेत," तो म्हणतो, किंवा "बास आहे, पण टाइट नाही." आपण मान हलवतो. त्याच्या घरी गेलं की चहाच्या आधी तबला येतो. "ही थाप ऐकलीस?" "ऐकली." "नाही ऐकलीस," असं म्हणून तो गाणं मागे घेतो. पुन्हा थाप. "आता?" आता आपल्याला खरंच काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटतं, तेवढ्यात तो दुसरी सीडी घालतो, कारण पहिलीतलं ऐकण्यासारखं संपलेलं असतं. त्याच्या घरी आजवर एकही विलंबित ख्याल द्रुतापर्यंत पोचलेला नाही.

पैसे कुठे घालायचे यावर या क्षेत्रात दोन पंथ आहेत. 1970च्या दशकात ग्लासगोच्या आयव्हर टिफेनब्रन यांनी लिन सोंडेक एलपी12 हा टर्नटेबल बाजारात आणला आणि त्याच्यासोबत एक सिद्धान्तही आणला: सुरुवातीला जे निसटलं ते पुढे कुणालाही परत आणता येत नाही, तेव्हा सगळ्यांत जास्त पैसा स्रोतावर घाला. टर्नटेबल बनवणाऱ्याने टर्नटेबलवर पैसा घालायला सांगितलं याचं कुणालाच नवल वाटलं नाही, हेच नवल. त्या काळी त्यात तथ्यही होतं. तबकडीच्या खाचेतून सुई फिरायची, आणि मोटरीची घरघर, वेगातली थरथर थेट गाण्यात उतरायची. पण 1982 साली सीडी आली, आणि आता तर काही हजारांत मिळणारा बोटभर डॅक आपलं काम इतकं चोख करतो की त्याचे दोष सापडायला प्रयोगशाळा लागते, कान पुरत नाहीत.

उरला स्पीकर. तो अजूनही कागदाचा, कापडाचा नाहीतर प्लास्टिकचा पडदा पुढेमागे हलवून हवाच ढकलतो. जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या दोन इंजिनिअरांनी 1925च्या सुमारास मांडलेली ही रचना आजही तशीच आहे. दोन स्पीकरांत जो फरक पडतो, तो बाकीच्या सगळ्या डब्यांतल्या फरकांची बेरीज केली तरी मोठा भरतो. म्हणून दुसऱ्या पंथाचा हिशेब सोपा आहे: शंभरातले निम्म्याहून जास्त रुपये स्पीकरवर घालावेत. जाणकाराला हा हिशेब पटत नाही. इतकं सोपं असेल तर त्याला विचारणार कोण?

अ‍ॅम्पचा विषय निघाला की वॉट निघतात. वॉट हे आपल्याकडे अ‍ॅम्पचं माप नसून मालकाचं आहे. नव्वदच्या दशकात टू-इन-वनच्या पोटावर '1000 वॉट पीएमपीओ' अशी चंदेरी पट्टी असायची. तोच डबा उलटा केला तर मागे बारीक अक्षरांत त्याला लागणाऱ्या विजेचा आकडा असे, आणि तो न्हाणीघरातल्या बल्बाहून कमी भरे. पंचवीस वॉट आत घेऊन हजार वॉट बाहेर देणारं हे यंत्र वीज मंडळाच्या नजरेतून कसं सुटलं कोण जाणे, नाहीतर कोयनेला धरण बांधण्याचं काहीच कारण नव्हतं.

खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे अ‍ॅम्प सतत देऊ शकतो त्या वॉटचा. तो फसवत नाही, फक्त हिरमोड करतो. आवाज दुप्पट भासायचा तर वीज दसपट लागते. पन्नासाऐवजी शंभर वॉटचा अ‍ॅम्प घेतला की किंमत चांगलीच चढते आणि आवाज 3 डेसिबलनी वाढतो. म्हणजे स्वयंपाकघरातून "अहो, जरा कमी करा" ही हाक थोडी लवकर येते. साधारण छोटा स्पीकर एका वॉटवर, एका मीटरवरून, 86-87 डेसिबल आवाज देतो. दिवाणखान्यात इतक्या आवाजात कुणी ख्याल ऐकत असेल तर समजावं, घरात तो एकटा आहे. रोजचं ऐकणं एका वॉटच्या आत उरकतं. बाकीचे काही वॉट तबल्याच्या एखाद्या जोरकस थापेसाठी राखीव, आणि उरलेले पाहुण्यांना सांगण्यासाठी. 1978 साली आलेला एनएडी 3020 हा अ‍ॅम्प कागदावर अवघ्या 20 वॉटचा होता. रूप असं की दुकानात कुणी दुसऱ्यांदा वळून पाहू नये, आणि किंमत अशी की जाणकाराने पहिल्यांदाही पाहू नये. त्याने भल्या भल्या महागड्या अ‍ॅम्पना भारी पडून दाखवलं आणि बजेटवाल्यांचा तो कायमचा लाडका झाला. वीस वॉट! आपल्याकडे एवढ्यात कुणी गणपतीची आरतीसुद्धा लावणार नाही.

वॉटचं भूत उतरलं की वूफरचं बसतं. "बास किती खाली जातो?" हा प्रश्न विचारायचाच असतो. माणसाच्या कानाला 20 ते 20,000 हर्ट्झ ऐकू येतात असं पुस्तकात असतं, म्हणून स्पीकरही विसापर्यंत उतरावा असं वाटतं. पण तिथे राहतं कोण, हे कुणी पाहत नाही. पुरुष गायक बहुधा काळी एकच्या आसपास गातो. त्याचा षड्ज साधारण 139 हर्ट्झ. काळी चार लावणाऱ्या बाईंचा 208. तंबोऱ्याची खर्जाची तार म्हणजे मैफिलीतली सगळ्यांत खालची रहिवासी, ती काळी एकला 69 वर असते. डग्ग्याचा घुमारा तिच्याच शेजारपाजारचा. तेव्हा ज्याच्या कपाटात ख्याल, नाट्यगीतं, भावगीतं आणि अभंग आहेत, त्याच्यासाठी 60 हर्ट्झच्या खालचा मुलूख ओसाड आहे. ज्याला बास गिटारची 41 हर्ट्झची तार हवी, किंवा चर्चमधला विसाच्याही खाली उतरणारा ऑर्गन हवा, त्याने त्या वूफरचे पैसे खुशाल मोजावेत. आपल्याकडे ते हर्ट्झ मिरवणुकीच्या दिवसांत रस्त्यावरून येतात, फुकट, आणि खिडक्यांच्या तावदानांसकट वाजून दाखवतात.

आपल्या संगीताची खरी परीक्षा खाली नसून वर आहे. जवारी नीट लागलेला तंबोरा छेडला की एकेका तारेतून स्वरांची लड उठते, आणि ती काही हजार हर्ट्झपर्यंत चढत जाते. वाईट ट्वीटरवर त्या लडीची नुसती झणझण उरते. म्हणून दुकानात नुसता तंबोरा लावून ऐकावा. दोन मिनिटांत डोकं दुखलं तर स्पीकर वाईट. झोप आली तर चांगला. दुकानदाराला मात्र याची आधी कल्पना द्यावी. नाहीतर तो बिचारा गाणं सुरू व्हायची वाट पाहत उभा राहतो.

मोठा स्पीकर परवडत नाही म्हणून ज्यांना कमीपणा वाटतो, त्यांच्यासाठी एक दाखला. 1970च्या दशकात बीबीसीच्या इंजिनिअरांनी एलएस3/5ए नावाचा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर तयार केला. का? तर बाहेरच्या प्रक्षेपणासाठी फिरणाऱ्या गाडीत मोठा मावत नव्हता. आज त्याच्या जुन्या जोड्या रसिक देवघरात ठेवायच्या बाकी ठेवतात आणि त्यांच्या किमती ऐकून आपण पाणी मागतो. गाडीत मावणारा स्पीकर गिरगावातल्या दीड खोलीत मावणार नाही असं म्हणणाऱ्याने ती दीड खोली पाहिलेली नाही. तिच्यात आठ माणसं आणि एक शिवणयंत्र मावलेलं आहे.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली ही या विद्येची जुनी पीठं. लॅमिंग्टन रोडचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. त्या नावाने विचारलं तर रस्ता सापडतो, दुकान सापडत नाही. इथले जुने दुकानदार स्पीकरला कान लावण्याआधी हाताने उचलून पाहतात. जड लागला तर चुंबक बरं आहे म्हणतात. यात शास्त्र किती हा भाग वेगळा, पण त्यांना ते परवडतं, कारण पुन्हा खाली ठेवून तेच गिऱ्हाइकाला चहा पाजतात.

नव्या पद्धतीच्या डेमो रूममध्ये चहा नसतो, एसी असतो. अंगठ्याएवढा जाड गालिचा, भिंतींवर फोम, मंद दिवे, समोर एकच आरामखुर्ची. अशा खोलीत काहीही बरंच वाजतं. विकत मात्र फक्त स्पीकर मिळतो, खोली मिळत नाही. इथे लागतं ते 'हॉटेल कॅलिफोर्निया', तेही ईगल्सच्या 1994च्या 'हेल फ्रीझेस ओव्हर'मधलंच. सुरुवातीला गिटार, टाळ्या, आणि मग पोटात शिरणारे ठोके. त्या ठोक्यांनी किती स्पीकर खपले असतील याला गणती नाही. मराठी रसिक भीत भीत पिशवीतून किशोरीताईंची सीडी काढतो. "हे पण वाजतं की," असं म्हणून विक्रेता ती दोन बोटांत धरतो, आलापाची पहिली दोन आवर्तनं सहन करतो आणि पुन्हा कॅलिफोर्नियाला निघून जातो.

डेमोत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन स्पीकरांतला जो किंचित मोठ्याने वाजतो तो कानाला चांगला वाटतो. फरक एखाद्या डेसिबलचा असेल तर तो मोठा आहे हे कळतही नाही. 'जास्त मोकळा' वाटतो, 'जिवंत' वाटतो. महाग जोडी लावताना विक्रेत्याचं बोट नॉबला नेमकं कसं लागतं हा योगायोग म्हणावा. डोळेही कानाला फितूर असतात. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीत त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर आधी पडद्याआडून आणि मग उघड्यावर ऐकवले. पडदा गेल्यावर गुण बदलले: दिसायला भारदस्त होते त्यांचे वाढले, छोट्या स्वस्त संचाचे घटले. हे श्रोते रस्त्यावरून पकडून आणलेले नव्हते, ध्वनीच्या धंद्यातलेच होते. आपण तर साड्यांच्या दुकानात साडी खांद्यावर टाकून पाहतो आणि स्पीकरच्या दुकानात त्याची जाळी काढून पाहतो. दोन्हीकडे कान घरीच असतो.

सगळं ठरलं, पाकीट बाहेर आलं, की विक्रेता हळूच विचारतो, "आणि केबल?" ती फुटावर मिळते. रेशमी वेष्टन, दोन्ही टोकांना सोनेरी टोपणं, आणि कुठल्या दिशेने वीज वाहावी हे सांगणारा बाण. आता इथे ओहमला विचारावं. अडीच चौरस मिलिमीटरची, घराच्या वायरिंगला वापरतात तसली तांब्याची वायर तीन मीटर घेतली, जाऊन-येऊन सहा मीटर धरली, तर तिचा रोध सुमारे 0.04 ओहम भरतो. समोर 8 ओहमचा स्पीकर. अर्धा टक्का! त्या अर्ध्या टक्क्याच्या उद्धारासाठी हजारो रुपये. आमच्या इलेक्ट्रिशियनला ती रेशमी केबल दाखवली तेव्हा त्याने ती तळहातावर तोलून विचारलं, "हिच्यावर गिझर किती चालतील?" गिझर लावायचा नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. "मग जाड कशाला घेतात?" तो म्हणाला. या प्रश्नाला मासिकांनी आजवर समाधानकारक उत्तर दिलेलं नाही.

याहून वरची पायरी म्हणजे पॉवर केबल. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातून निघालेली वीज शेकडो किलोमीटर मनोरे, तारा, रोहित्रं आणि सोसायटीच्या गंजक्या मीटर-पेटीतून येते, आणि शेवटच्या दीड मीटरमध्ये तिला सद्‌गती मिळते अशी त्यामागची श्रद्धा आहे. विजेवर खर्च करायचाच असेल तर अर्थिंगवर करावा. अनेक घरांत तिसऱ्या पिनेच्या भोकामागे नुसतं भोकच असतं. मग स्पीकरमधून 50 हर्ट्झचा हुंकार सुरू होतो आणि शांत आलापामागे तो अखंड सूर धरून बसतो. हा वीज मंडळाचा तंबोरा साधारण पांढरी पाचला, किंचित चढा लागलेला असतो; काळी एकच्या गायकाचं त्याच्याशी जमत नाही.

पुढचा अडथळा छताला लटकलेला असतो. सीडीला 96 डेसिबलचा पल्ला आहे, अगदी पुसट श्वासापासून कडाडणाऱ्या थापेपर्यंत. निवासी वस्तीत आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. म्हणजे सगळा मोहल्ला कायदा पाळत असेल अशा काल्पनिक रात्रीसुद्धा खालचे बरेच डेसिबल बाहेरच्या बाहेर खर्ची पडतात. त्यावर चारवर फिरणारा पंखा. नागपुरात मे महिन्यात मंद्र सप्तकातली आलापी ऐकायची तर पंखा आणि पंडितजी यांतला एकच निवडावा लागतो, आणि तिथे बहुतेक वेळा पंखा निवडून येतो. हाय-फायमधला सगळ्यांत स्वस्त घटक म्हणजे पंख्याचं नवं बेअरिंग. तो कुठल्याच दुकानाच्या यादीत नसतो.

मग सेट घरी येतो आणि खरी निवड सुरू होते. पुस्तकी नियम असे: दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर कानाच्या उंचीवर यावा, मागच्या भिंतीपासून दोन-तीन फूट सोडावेत, कोपरा टाळावा, कारण कोपऱ्यात बास फुगतो. हे नियम पाळले की दिवाणखान्याच्या मधोमध दोन खांब उभे राहतात. त्यांच्या मागून केर काढता येतो हा एकच युक्तिवाद घरात टिकतो. त्रिकोणाचं टोकही वादग्रस्त. 'स्वीट स्पॉट' एकाच माणसाचा, त्यामुळे बाकीचं कुटुंब कायम बाजूच्या जागेवरून ऐकतं. घरात झोपाळा असेल तर पाहायलाच नको. आजोबांचा त्रिकोण झोक्यागणिक बदलतो; पुढे आले की तबला पुढ्यात, मागे गेले की पेटीसकट सगळी मैफल पलीकडच्या खोलीत. त्यांचं काही म्हणणं नाही. त्यांच्या मते गायक तान घेताना हलतोच.

घरची मंडळी काय काय म्हणतात ते मात्र नीट ऐकण्यासारखं असतं. बायको म्हणते, "स्पीकर नंतर, आधी जाड पडदे घ्या." आई म्हणते, "सतरंजी उचलायची नाही." वडील दिवाळी अंकांचं कपाट इंचभर हलवू देत नाहीत. आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गाद्यांच्या वळकट्या कोपऱ्यातच उभ्या राहणार, कारण दुसरी जागा नाही. जाणकाराला हे सगळे कलेचे शत्रू वाटतात. पण शास्त्र उघडून पाहावं तर सगळेच बरोबर आहेत. आपल्या घरांत गुळगुळीत फरशी, नागड्या भिंती आणि शोकेसची काच. टाळी वाजवली तर ती परत येऊन भेटते. अशा खोलीत लाखाचा स्पीकरही कर्कश लागतो. जाड पडदा वरच्या स्वरांचे पडसाद गिळतो. सतरंजी फरशीवरून उसळणारा आवाज थोडाफार दाबते. कमीजास्त जाडीच्या अंकांनी भरलेलं कपाट आवाज चारी दिशांना विखुरतं. याच कामाच्या खाचाखाचांच्या लाकडी फळ्या बाजारात 'डिफ्यूजर' म्हणून विकतात, आणि त्यांत वाचायलाही काही नसतं. कोपऱ्यातली कापसाची वळकटी फुगलेल्या बासचा थोडा तरी वारा काढते. तेच काम करणाऱ्या फोमच्या नळकांड्याला 'बास ट्रॅप' म्हणतात आणि त्याच्यावर पाहुण्यांना झोपवता येत नाही.

स्वस्तात हाय-फाय जमवायचं ते इथे. खोली हा सेटचा सगळ्यांत मोठा घटक आहे, आणि तो घरच्या माणसांनी चाळीस वर्षं खपून आधीच जमवून ठेवलेला असतो. आपण फक्त त्यात दोन स्पीकर आणून ठेवायचे आणि पडद्यांना हो म्हणायचं. पडद्यांचा खर्च तिसऱ्याच खात्यातून होतो, हा आणखी एक फायदा.

सेट लागला. आता लावायचं काय? मराठी रसिकाच्या संग्रहातला मौल्यवान ऐवज म्हणजे खाजगी मैफिलींच्या टेप. एकाच्या कॅसेटवरून दुसऱ्याने, दुसऱ्याच्यावरून तिसऱ्याने उतरवलेल्या. नव्या स्पीकरवर त्यांतलं बरंच काही पहिल्यांदा उलगडतं: पेटीवाल्याच्या मागे कुणीतरी पानाचा डबा उघडतं, तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांना जुनाट खोकला आहे आणि त्यांची दाद दर वेळी समेच्या आधी पडते. गाणं आधीही इतकंच ऐकू येत होतं. बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्यांची गंमत तर निराळीच. 1925च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत गाणारा भोंग्यापुढे गायचा, आणि त्या भोंग्याला ना फार खालचं सापडायचं ना फार वरचं. सगळा स्वर मधल्या पट्ट्यात आणि वरचा पट्टा खरखरीला मोकळा. प्रामाणिक स्पीकर ती खरखरही प्रामाणिकपणे देतो. आणखी एक. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या 1958च्या सुमारास. तोवरचं सगळं मोनो. डावा आणि उजवा स्पीकर एकच गोष्ट सांगतात. ज्याचा जीव अब्दुल करीम खाँसाहेबांच्या काळातच अडकलेला आहे, त्याने एकच उत्तम स्पीकर घ्यावा आणि दुसऱ्याचे पैसे वाचवावेत. हा सल्ला कुणीही देत नाही, कारण स्पीकर जोडीनेच विकतात.

कानाचाही हिशेब करून ठेवावा. वय वाढतं तसे वरचे हर्ट्झ एकेक करून निरोप घेतात. साठीच्या आसपास दहा-बारा हजारांच्या वरचं बहुतेकांना ऐकू येत नाही. ज्या वयात 17,000 हर्ट्झ ऐकू येतात त्या वयात खिशात 17,000 रुपये नसतात. तेव्हा ट्वीटर निवडायला नातीला बरोबर न्यावं. ती पहिल्याच दुकानात म्हणते, "आजोबा, शिट्टी वाजतेय." आपल्याला काही ऐकू येत नाही, विक्रेत्यालाही नाही, पण तो चपापतो आणि भाव खाली येतो.

आणि घाई नसेल तर नवा सेट घेऊच नये. चांगला स्पीकर दशकानुदशकं टिकतो. फक्त पडद्याभोवतीची कड पाहावी: रबराची असेल तर चिंता नाही, फोमची असेल तर बोटाने हलकेच दाबून बघावी, कारण कोकण-मुंबईच्या दमट हवेत ती भुसभुशीत होऊन गळते. अशी निर्दोष जोडी शोधायला कुठल्याही बाजारात जावं लागत नाही. जाणकार मित्राकडे लक्ष ठेवावं. त्याचे मिड्स आज ना उद्या पुन्हा मागे जाणार, बास पुन्हा सैल पडणार आणि मग सध्याची जोडी त्याला नजरेसमोर नकोशी होणार. त्याच्या असमाधानावर बजेटवाल्यांची एक अख्खी पिढी सुखाने गाणं ऐकते आहे. मैत्री त्याच्याशीच ठेवावी, सल्लाही त्याचाच घ्यावा. भाव मात्र वहिनींशी ठरवावा. त्याला त्या स्पीकरची किंमत माहीत असते. वहिनींना त्या कोपऱ्याची.